जुन्या जीपची नवी दारे

सूस हे पाषाणच्या पलीकडचे, मुळशी तालुक्यातले गाव. २०२१ मध्ये ते पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले, तरी गावात शेती आहे आणि शेतावर जाणारे कच्चे रस्तेही आहेत. आमच्या एका मित्रांची तिथे थोडी जमीन आहे आणि तिच्याइतकीच जिव्हाळ्याची एक जीप आहे. ती १९८०च्या दशकातली महिंद्रा जीप. वर ताडपत्रीचे हूड, दारेही ताडपत्रीचीच. ती फाटली तेव्हा त्यांनी एका वर्कशॉपमधून पत्र्याची दारे बसवून घेतली. पाऊस आत येईनासा झाला आणि सगळे खूश झाले.

दोन महिन्यांनी शेतातून परतताना उजवीकडच्या वळणावर गाडीचे एक चाक चरात गेले आणि डावीकडचे दार धाडकन उघडले. दाराशी मित्रांची नात बसली होती. तिच्या आजीने तिचा फ्रॉक मुठीत धरून ठेवला होता, म्हणून पुढचे काही घडले नाही. वर्कशॉपचे म्हणणे पडले की दार नीट ओढून घेतले नसणार. आजींचे म्हणणे, मी स्वतः ओढले होते. आजींचा शब्द आम्हाला जास्त भरवशाचा वाटला. मग आम्ही दोघे-तिघे शिक्षक मेजरिंग टेप, दोरी आणि स्प्रिंगकाटा घेऊन सूसला गेलो. एका दाराच्या पाठीमागे आठवी ते दहावीच्या पुस्तकांतली किती प्रकरणे लपलेली असतात ते त्या रविवारी कळले.

आधी या गाडीच्या जातकुळीबद्दल थोडेसे. विलीस कंपनीने १९४१ पासून अमेरिकन सैन्यासाठी जी जीप बनवली तिला दारेच नव्हती. सैनिकाला पटकन चढता-उतरता यावे, गाडी हलकी राहावी, हा उद्देश. बाजूच्या पत्र्याला एक खोलगट कापा आणि आडवा पट्टा, एवढीच व्यवस्था. युद्ध संपल्यावर याच जीपची नागरी रूपे आली. महिंद्रा कंपनीने विलीसचे सुटे भाग आणून मुंबईत जीपा जोडायला सुरुवात केली आणि पुढे त्या इथेच बनू लागल्या. दरवाज्याचा कापा मात्र पिढ्यान्‌पिढ्या तोच राहिला. त्यावर फार तर ताडपत्रीचे दार अडकवावे, अशीच कल्पना होती. म्हणजे जिथे आज पत्र्याचे दार लटकते आहे, तो भाग जड दारासाठी घडवलेलाच नव्हता.

हे किती महत्त्वाचे आहे ते आकडे मांडल्यावर दिसते. आम्ही दार काढून काट्याला टांगले, ते १८ किलो भरले. रुंदी ८० सेमी. गुरुत्वमध्य साधारण मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून ४० सेमी अंतरावर धरू. दोन बिजागऱ्यांमधले अंतर ३० सेमी. (बिजागरी हा शब्द पोर्तुगीज 'बिसाग्रा'वरून आला. वस्तूबरोबर शब्दही आला, पगारासारखा.)

दाराचे वजन दाराला खाली ओढते हे उघड आहे. पण ते दाराला फिरवूही पाहते, मोकळी कड खाली आणि बिजागरीकडची वरची बाजू खांबापासून दूर. खालची बिजागरी हा टेकू मानला, तर वजनाचे परिबल १८ गुणिले ४०, म्हणजे ७२० किलो-सेंटिमीटर. त्याला तोलून धरायचे काम वरच्या बिजागरीचे, आणि तिला हात मिळतो फक्त ३० सेंटिमीटरचा. ७२० भागिले ३० म्हणजे २४. वरची बिजागरी सतत २४ किलो वजनाइतक्या बलाने खांबापासून उपटली जात असते. खालची तेवढ्याच बलाने खांबावर दाबली जाते. दार १८ किलोचे, आणि ओढ २४ किलोची! ताडपत्रीचे दार ५ किलोचे धरले तर हीच ओढ जेमतेम ७ किलो होती.

आता एखादे ३० किलोचे पोर हँडलला लोंबकळून झोका घेते, आणि ते घेतेच, तेव्हा काय होते? ३० गुणिले ८० भागिले ३०, म्हणजे आणखी ८० किलो. एकूण १०४. हे सारे सहन करायचे ते सुमारे १ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याने आणि दोन बोल्टांनी. आम्ही पाहिले तेव्हा वरच्या बिजागरीच्या बोल्टांभोवतीचा पत्रा बशीसारखा बाहेर आला होता. खालच्या बिजागरीजवळ तो आत दबला होता. तुमच्या शाळेतल्या जुन्या दारांकडे बघा. उखडलेले स्क्रू बहुतेक वेळा वरच्या बिजागरीचे सापडतील.

उपाय दोन. पहिला, बिजागऱ्यांमधले अंतर वाढवणे. ते ४५ सेमी केले तर २४ किलोचे १६ होतात, बाकी काहीही न बदलता. दुसरा, पत्र्याच्या मागे जाड लोखंडी पट्टी घालून बोल्ट तिच्यातून आवळणे. बल तेवढेच राहते, पण ते बोल्टाच्या डोक्याएवढ्या जागेवर न पडता तळहाताएवढ्या जागेवर पसरते. बल भागिले क्षेत्रफळ, हे सूत्र मुलांना चाकूच्या धारेच्या उदाहरणाने शिकवतो. ते उलट बाजूनेही शिकवता येते.

जुन्या वाड्यांच्या सुतारांनी हा प्रश्न वेगळ्याच रीतीने सोडवला होता. तिथली जाडजूड सागवानी दारे बिजागरीवर नसतातच. फळीच्या कडेला वर आणि खाली गोल खुंट्या काढलेल्या असतात. खालची खुंटी उंबऱ्याच्या किंवा दगडाच्या खळग्यात फिरते, वरची चौकटीच्या भोकात. सारे वजन खाली जमिनीवर, आणि दोन आधारांमधले अंतर म्हणजे दाराची पूर्ण उंची. दोन पुरुष उंचीचे दार एका हाताने फिरते ते त्यामुळे. जीपमध्ये ही सोय नाही, कारण बाजूच्या पत्र्याची उंचीच ६० सेमीच्या आसपास असते.

पण एवढ्याने आमचे कोडे सुटले नव्हते. बिजागरी उखडल्याने दार लोंबेल, घासेल. बंद दार उघडेल का? उघडले ते लॉकच्या बाजूने.

वर्कशॉपने दोन्ही दारे एकाच मापाची बनवली होती. उजवे बरे बसत होते, डावे मागच्या वरच्या कोपऱ्यात घासत होते आणि खाली बोटभर फट होती. पहिली शंका अशी की डावे दार वाकडे बनले. आम्ही दाराचे दोन्ही कर्ण मोजले. समान निघाले. आमच्याबरोबर आलेले पत्राकामाचे मिस्त्री इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "दार सरळच आहे सर. गाडी बसलीय."

मग दाराऐवजी भोक मोजले. गाडीच्या कमरेखालच्या भागात भोकाची रुंदी ८० सेमी आणि उंची ६० सेमी, म्हणजे कोपरे काटकोनात असतील तर कर्ण बरोबर १०० सेमी. ३-४-५ चा आयता पायथागोरस! उजवीकडे दोन्ही कर्ण १०० च्या आगेमागे एका मिलिमीटरात आले. डावीकडे एक १००.६ आणि दुसरा ९९.४. चारही बाजू मोजून पाहिल्या तर त्यांत म्हणण्यासारखा फरक नाही. बाजू त्याच आणि कर्ण निराळे, याचा अर्थ आयताचा समांतरभुज चौकोन झाला होता. मागची बाजू सुमारे १ सेमीने खाली गेली होती. (दहावीची मुले हे पडताळू शकतील. ८० आणि ६१ या बाजूंचा कर्ण काढा, मग ८० आणि ५९ चा.)

सुतार चौकट ठोकताना नेहमी कर्ण मोजतो, बाजू मोजून थांबत नाही. त्याचे कारण वर्गात दोन मिनिटांत दाखवता येते. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकट करा. ती हवी तशी कलते, बाजूंची लांबी जराही न बदलता. तीन पट्ट्यांचा त्रिकोण करा, तो हलत नाही. आता चौकटीला कर्णाच्या दिशेने पाचवी पट्टी लावा, ती ताठ होते. शेतावरच्या फाटकाला तिरकी पट्टी असते ती त्यासाठीच. ती लाकडी असेल तर बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यापासून मोकळ्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याकडे हवी, कारण तिथे ती दाब घेते. तार बांधायची असेल तर उलट कर्णावर, बिजागरीच्या वरच्या कोपऱ्यापासून मोकळ्या बाजूच्या खालच्या कोपऱ्याकडे, कारण तार ओढ सोसते, दाब सोसत नाही. तिरकी पट्टी चुकीच्या कर्णावर खिळवलेली फाटके आम्हाला वाटेत दोन दिसली. त्यांपैकी एक जमिनीला टेकलेलेही होते.

पट्टीऐवजी चौकटीवर कागद चिकटवा. चौकट पुन्हा ताठ! कागद म्हणजे जणू सगळ्या दिशांनी लावलेले असंख्य कर्ण. पत्र्याचे दार ताठ असते ते त्यावरच्या पत्र्यामुळे. जीपच्या बाजूला मात्र नेमका तिथेच पत्रा कापून दारासाठी जागा केलेली असते, आणि वर पोलादी छप्पर नसल्याने चौकट वरून बांधलेलीही नाही. उघडी जीप म्हणजे झाकण काढलेला खोका. बुटाच्या खोक्याचे झाकण काढून दोन टोके विरुद्ध दिशांना पिळून पाहा, म्हणजे पटेल.

मागची बाजू खाली का गेली ते गाडीखाली शिरल्यावर कळले. जीपच्या बॉडीचा डबा चासीवर सरळ टेकत नाही, मध्ये रबराच्या जाड चकत्या असतात. डावीकडची मागची चकती कुजून चुरा झाली होती आणि वरचा फ्लोअरचा पत्रा गंजून मऊ पडला होता. मुळशीतला पाऊस आणि शेतातला चिखल यांना इतकी वर्षे तोंड दिल्यावर हे व्हायचेच. मिस्त्रींनी जॅक लावून डबा थोडा उचलला, तसतसे कर्ण जवळ येत गेले, आणि न घासता दार बंद झाले. दाराला कोणी हातही लावला नव्हता. नवी चकती घालून आणि फ्लोअरला नवा तुकडा वेल्ड करून झाल्यावर कर्ण आले १००.१ आणि ९९.९.

गाडी सपाट जमिनीवर उभी असताना मिळालेले माप मात्र अर्धेच असते. आम्ही पुढचे एक चाक जॅकवर वीतभर उचलले, म्हणजे गाडी चरात गेल्यासारखी तिरपी झाली, आणि पुन्हा मोजले. कर्णांत सुमारे ४ मिलिमीटरचा फरक पडला. चासी पिळवटते. या गाड्यांची शिडीसारखी चासी काही प्रमाणात पिळवटावी, म्हणजे चारही चाके जमिनीला टेकून राहतील, अशीच अपेक्षा असते. तिच्याबरोबर दाराचे भोकही आकार बदलते. दार मात्र ताठ असल्याने बदलत नाही. म्हणून दाराभोवती ५-६ मिलिमीटरची फट ठेवावीच लागते. घरच्या दारासारखे चपखल दार बसवणारा कारागीर इथे चुकतो. फट राहिली म्हणून त्याला नावे ठेवणारा गिऱ्हाईकही चुकतो. पाणी अडवायचे काम रबराच्या पट्टीचे.

आता लॉक. नव्या दारांना साध्या कपाटासारखे लॉक होते. स्प्रिंगवर मागेपुढे होणारी पाचरीच्या आकाराची जीभ, आणि खांबावर ती अडकायला एक खाच. जीभ खाचेत किती शिरते ते आम्ही खडूची भुकटी लावून पाहिले. फक्त ६ मिलिमीटर. कुजलेल्या चकतीमुळे भोक आधीच बसलेले, त्यात चाक चरात गेल्यावर ते आणखी पिळवटले. जीभ खाचेच्या कडेवर आली असणार. मग तिला बाहेरून एक धक्का पुरे होता, आणि तो वळणाने दिला.

हा धक्का केवढा? ताशी २५ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. वळणाची त्रिज्या १५ मीटर धरू. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे साधारण ३.२ मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ एक तृतीयांश. गाडी उजवीकडे वळते, आतली माणसे सरळ जाऊ पाहतात आणि डाव्या दारावर रेलतात. ३० किलोच्या मुलीला वळवायला सुमारे १० किलो वजनाइतके बल लागते. त्यातले काही बैठकीच्या घर्षणातून मिळते, उरलेले दाराने द्यायचे. शिवाय दाराच्या स्वतःच्या १८ किलोंनाही वळवायचे असते. आकडे फार मोठे नाहीत. पण काठावर आलेली जीभ सुटायला तेवढे पुरतात. आजी खरे बोलत होत्या. दार नीटच बंद होते.

मोटारींची लॉके याच अनुभवातून बदलली. आजच्या मोटारीच्या दाराच्या कडेला पाहा. जीभ नसते, एक छोटा फिरता काटा असतो. दार बंद होताना तो खांबावरच्या जाड पिनेला कवेत घेतो. चौकट थोडी ताणली गेली तरी कव सुटत नाही. शिवाय तो दोन टप्प्यांत बंद होतो. पहिला 'टक' झाला की दार अर्धवट लागते पण धरून ठेवलेले असते, दुसऱ्या 'टक'ला पूर्ण लागते. अमेरिकेत प्रवासी मोटारींच्या लॉक आणि बिजागऱ्यांची ताकद ठरवणारे मानक १९६८ पासून लागू झाले. अपघातात गाडीबाहेर फेकल्या गेलेल्या माणसांचे मृत्यू हे त्यामागचे कारण होते. आम्ही दोन्ही दारांना असे काट्याचे लॉक लावून घेतले. पिनेच्या मागे जाड पट्टी घातली, हे सांगायला नको.

दाराची बिजागरी पुढच्या बाजूला का, हा प्रश्न नातीने विचारला. जुन्या काही मोटारींची दारे उलटी असत, मुंबईत 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखल्या गेलेल्या फियाट ११०० ची पुढची दारे अशीच होती. उतरायला ती सोयीची. पण चालत्या गाडीत ते दार किलकिले झाले की समोरचा वारा आत शिरून ते उघडतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला दर चौरस मीटरला सुमारे १७० न्यूटन दाब येतो. पाऊण चौरस मीटरच्या दारावर १२-१३ किलो. पुढे बिजागरी असेल तर हाच वारा दार मिटवायला मदत करतो.

प्रत्यक्ष दार बसवण्याची मिस्त्रींची पद्धत पाहण्यासारखी होती. बिजागऱ्यांची भोके त्यांनी गोल न ठेवता मागेपुढे लांबट केली. भोकात पुठ्ठ्याच्या सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून त्यांवर दार उभे केले, म्हणजे फट चहूकडून सारखी. मग दोन्ही बिजागऱ्यांच्या पिना एका ओळीत आहेत का ते लांब सळई धरून पाहिले. दोन पिनांचे अक्ष एकाच रेषेवर नसतील तर दार फिरताना प्रत्येक वेळी पत्रा वाकवते आणि काही महिन्यांत तो चिरतो. सगळे जुळल्यावर बोल्ट आवळले. लांबट भोकात बोल्ट सरकत का नाही? आवळल्यामुळे निर्माण झालेल्या घर्षणाने.

दाराची मोकळी कड तरीही २-३ मिलिमीटर खाली होती. आम्ही दार वर उचलायला धावलो. मिस्त्रींनी फक्त खालच्या बिजागरीचे बोल्ट सैल केले, ती १ मिलिमीटर मागे सरकवली आणि पुन्हा आवळली. कड वर आली! समरूप त्रिकोण. बिजागऱ्यांत अंतर ३० सेमी आणि कड ८० सेमीवर, म्हणून तिथला १ मिलिमीटर इथे २.७ मिलिमीटर होतो. घरचे दार घासत असेल तर सुतार खालच्या बिजागरीमागे पोस्टकार्डाचा तुकडा घालतो, तो याच हिशोबाने. लॉक सर्वांत शेवटी लावले.

दाराच्या तळाशी पत्रा दुमडलेला असतो. काचेच्या फटीतून गेलेले पाणी तिथे साठते आणि दार आतून गंजते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असल्याने तो पापुद्रे उचलत फुगतो, म्हणून बाहेर रंगाचा फोड दिसेपर्यंत आतले काम आटोपलेले असते. डाव्या दारात आम्ही तळाला तीन भोके पाडली तेव्हा दोन महिन्यांपूर्वी बसवलेल्या त्या दारातून पेलाभर लालसर पाणी निघाले.

जाता जाता कायद्याचे एक. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातल्या, उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असे बदल मालकाला करता येत नाहीत. ताडपत्रीऐवजी पत्रा घालणार असाल तर आधी आरटीओत विचारा. आमच्या मित्रांनी नंतर विचारले, आणि दोन खेपा जास्त पडल्या.

सध्या जीप रोज शेतावर जाते. चरातून जाताना उजव्या दाराचा 'कर्र' आवाज येतो. तिकडच्या रबराच्या चकत्या अजून जुन्याच आहेत. त्या बदलण्याआधी आठवीच्या मुलांना नेऊन तिकडचे कर्ण मोजायला लावायचे ठरले आहे. टेप त्यांनीच आणायचा आहे.